स्तनाच्या ऑपरेशननंतरचं सर्जिकल सामान: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

ऑपरेशनची तारीख ठरली की घरातलं कुणीतरी चिठ्ठी घेऊन कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाजवळच्या नाहीतर राजारामपुरीतल्या सर्जिकल दुकानात जातं. डोक्यात आधीच शंभर गोष्टी असतात. काउंटरवर काय काय निघेल ते पिशवीत पडतं आणि बिल झाल्यावर कळतं की निम्म्या वस्तूंचा उपयोग कसा करायचा हे कुणीच सांगितलेलं नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, त्यानंतरचे केमो आणि रेडिएशन या काळासाठी जे सामान नेहमी विकलं जातं, त्याचा हा परखड हिशोब. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. या सामानात कंपनीपेक्षा माप आणि वापरायची रीत जास्त महत्त्वाची असते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे साधा डिजिटल थर्मामीटर. तो बहुतेकांच्या यादीत नसतोच. केमो सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी खाली जातात आणि पुष्कळशा औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात कमी असतात. या दिवसांत 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस ताप आला तर रात्र असो वा रविवार, केमो चालू असलेल्या दवाखान्यात फोन करून निघायचं. लोक इथेच चुकतात: आधी तापाची गोळी देतात, ताप उतरतो, सकाळी बघू म्हणतात, आणि आतला संसर्ग वाढत राहतो. गोळी आधी द्यायची नाही. हात लावून ‘कसकस आहे’ म्हणणं इथे चालत नाही, आकडाच लागतो. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर घेऊ नये. डिजिटल घ्यावा, घरी आणल्यावर एखाद्या धडधाकट माणसावर लावून बघावा, सेल चालू आहे का याची खात्री करावी. गाव लांब असेल, रात्री गाडी मिळायची मारामार असेल, तर गाडीवाल्याचा नंबर थर्मामीटरच्या डबीवरच चिकटवून ठेवावा.

तीन प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं श्वासाचं यंत्र (स्पायरोमीटर) काही शे रुपयांत मिळतं. सगळ्या कंपन्यांचं जवळपास सारखंच असतं, त्यामुळे महागडं घ्यायचं कारण नाही. भूल दिल्यावर आणि दुखतंय म्हणून उथळ श्वास घेतल्यावर फुप्फुसाचे खालचे भाग नीट फुगत नाहीत, तिथे कफ साठतो आणि ताप येतो. ते टाळायला हे यंत्र. नळी तोंडात धरून फुंकायची नाही, हवा आत ओढायची. पाहिलं तर दहापैकी निम्मे पेशंट फुंकत बसलेले दिसतात आणि गोळी हलत नाही म्हणून यंत्र खराब आहे असं ठरवून टाकतात. ताठ बसायचं, श्वास सोडून छाती रिकामी करायची, ओठ घट्ट मिटून सावकाश ओढायचं आणि गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद तिथेच ठेवायचा प्रयत्न करायचा. गोळ्यांवरचे 600, 900, 1200 हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत. एकदम झटका देऊन तिन्ही गोळ्या उडवण्यापेक्षा एकच गोळी सावकाश धरून ठेवणं जास्त उपयोगाचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. चक्कर आली तर मधे थांबायचं. खोकताना जखमेवर उशी दाबून धरली की दुखणं कमी होतं. हे यंत्र ऑपरेशनच्या आधी आठवडाभर घेऊन सराव केला तरच पैसे वसूल होतात, कारण भूल उतरताना नवीन काही शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. शेजारच्यांचं वापरलेलं आणू नये.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणारी नळी आणि तिच्या टोकाची डबी, दवाखान्यातूनच लावून येतो, तो विकत घ्यायचा प्रश्न नाही. दुकानात मिळते ती त्याची पिशवी. तिला पैसे घालवू नका. सुती कापडाची, गळ्यात अडकवायची पिशवी घरी अर्ध्या तासात शिवून होते. रुंद पट्टी लावा आणि लांबी इतकी ठेवा की डबी जखमेच्या खाली, कमरेच्या आसपास राहील. डबी वर राहिली तर आतलं पाणी उलटं जातं. डबी अर्धी भरली की रिकामी करायची, आधी हात साबणानं धुवायचे. टोपण उघडून मोजपात्रात ओतायचं, मिलीलिटरमध्ये आकडा आणि वेळ लिहायची, मग डबी हार्मोनियमच्या भात्यासारखी पूर्ण दाबून तशीच दाबलेली असताना टोपण लावायचं. टोपण आधी लावून मग दाबली तर ओढ तयार होत नाही आणि पाणी आतच साठतं. नळीत गुठळी दिसली तर अंगाजवळची नळी एका हातानं घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालच्या दिशेनं निपटायची. हे कसं करायचं ते घरी जाण्याआधी नर्सकडून एकदा शिकून घ्यावं. चोवीस तासांत साधारण 30 मिलीपेक्षा कमी पाणी आलं, आणि तेही सलग दोन दिवस, की बहुतेक सर्जन ड्रेन काढतात. म्हणून आकड्यांची वही हवी, अंदाज नको. मोजपात्र म्हणून लहान मुलांच्या औषधाचा मोठा कप चालतो. पाण्याचा रंग लालसर ते पिवळट होत जाणं ठीक. अचानक लालभडक झाला, डबी तासाभरात भरली किंवा नळीच्या तोंडाशी पू दिसला तर वाट बघत थांबायचं नाही, सर्जनला गाठायचं. ड्रेन काढल्यावर काखेत किंवा छातीवर पाण्याचा फुगवटा येऊ शकतो. तो घरी दाबून कमी करायचा नसतो, सर्जन गरज असेल तर सुईनं काढतात.

आता प्रोटीन पावडर. बिलात सगळ्यात जड वस्तू बहुधा हीच असते. पावडर वाईट नाही, पण ती औषध नाही आणि जेवणाची जागाही घेत नाही. उपचारातल्या माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं आणि 25 ते 30 कॅलरी लागतात असा आहारतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. पंचावन्न किलोच्या बाईला म्हणजे 55 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात 18 ते 20 ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत, म्हणजे 30 ग्रॅममध्ये, 7 ते 8. तीस ग्रॅम कोरड्या मूगडाळीत 7. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, वाटीभर घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी एवढ्यात पन्नाशी गाठता येते. डब्याच्या मागे ‘दर 100 ग्रॅममध्ये’ असा रकाना असतो, तो वाचावा. बऱ्याच डब्यांत शंभर ग्रॅममागे प्रथिनं वीस-तीस ग्रॅमच असतात आणि उरलेला मोठा भाग साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) वगैरे असतो. पुढच्या बाजूला ठळक छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. मधुमेह असेल, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय कुठलाच डबा नको. पावडर खरी उपयोगी पडते ती तोंड आलेलं असताना, चावणं जमत नसताना, किंवा वजन महिन्यात पाच टक्क्यांनी घटलेलं असताना. तेव्हा ती दुधात, पातळ लापशीत किंवा गार सातूच्या पिठात घालून द्यावी, उकळत्या दुधात टाकली तर गुठळ्या होतात. पहिल्यांदा लहान पाकीटच घ्या. केमोत चव बदलते, व्हॅनिलाचा वास कित्येकांना नकोसा होतो आणि उघडलेला डबा कुणी परत घेत नाही.

कोल्हापुरात याबाबतीत दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली रश्श्याची. ‘पांढरा रस्सा पाज, ताकद येईल’ असं सगळे सांगतात, पण मटणाची प्रथिनं फोडीत राहतात, पाण्यात थोडीच उतरतात. रस्सा पिऊन फोडी बाजूला ठेवल्या तर पोट भरतं आणि ताकदीचं काही जात नाही. त्यापेक्षा अळणी बरं: तिखट-गरम मसाला न घालता, हळद-मीठ-आलं-लसणात मऊ शिजवलेलं मटण, फोडी बोटानं तुटतील इतकं, आणि तोंड आलं असेल तर खिम्याचं. तांबडा आणि मिसळीचा कट तोंड बरं होईपर्यंत लांबच. दुसरी चूक गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाची. एरवी त्याची मजाच वेगळी, पण केमोत कच्चं दूध पूर्ण वर्ज्य, उकळूनच प्यायचं. तसंच रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, अर्धकच्ची अंडी नकोत. फळ घरी धुवून, साल काढून. गूळ घालून केलेला शेंगदाण्याचा लाडू मात्र दुपारच्या भुकेला उत्तम, आणि डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तोंड आल्यावर विकले जाणारे रंगीत माउथवॉश परत ठेवा. त्यांत अल्कोहोल असलं तर भयंकर चुरचुरतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं, दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरून थुंकायची. ब्रश लहान मुलांचा, मऊ. डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर अर्थात ते.

आता स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही. इथे जरा थांबू, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात आणि नुकसानही इथेच होतं. काखेतल्या गाठी काढल्या किंवा काखेला रेडिएशन दिलं की त्या हातातल्या लसीकेचा (पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा) निचरा मंदावू शकतो. प्रत्येकीला सूज येतेच असं नाही, आणि आली तर महिन्यांनी, कधी वर्षांनी येते. सुरुवात किरकोळ असते: हात जड वाटतो, अंगठी रुतते, एका हातातल्या बांगड्या चढवताना अडतात, ब्लाउजची बाही एकाच बाजूला करकचते. ही चाहूल वेळेत ओळखायची तर ऑपरेशनच्या आधीचं माप असावं लागतं. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराच्या खाली 10 सेंटिमीटरवर, कोपराच्या वर 10 सेंटिमीटरवर. तारखेसह लिहून ठेवा, मग महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच टेपनं, शक्यतो सकाळी. आधीच्या तुलनेत एका हाताचं माप दोन सेंटिमीटर वाढलं तर फिजिओथेरपिस्ट किंवा सर्जनकडे जायचं, दुकानात नव्हे.

दुकानात गेलं की बहुधा ‘मीडियम देऊ का’ असा प्रश्न येतो. स्लीव्ह मीडियम-लार्जवर घ्यायची वस्तूच नाही. मनगट, कोपराखालचा सगळ्यात जाड भाग, कोपर, दंड आणि काखेजवळ एवढे घेर आणि हाताची लांबी, इतकी मापं कंपनीच्या तक्त्याशी जुळवावी लागतात. माप घ्यायला टेपच नसेल, तर ते दुकान सोडा. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. क्लास 1 म्हणजे साधारण 15 ते 21, क्लास 2 म्हणजे 23 ते 32, कंपनीगणिक आकडे जरा पुढेमागे होतात. कुठला क्लास हे डॉक्टर किंवा लिम्फेडीमाचं (लसीका साठून येणाऱ्या या सुजेचं) काम येणारा फिजिओ सांगेल. दाबाचा आकडाच न छापलेली ‘हाताची पट्टी’ स्वस्तात मिळते, ती घेऊ नये. सूज अगोदरच जास्त असेल तर आधी बँडेजिंग करून हात कमी करायचा असतो आणि मग माप घ्यायचं. फुगलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह दोन आठवड्यांत सैल होते. त्या बँडेजिंगला कमी ताणणाऱ्या वेगळ्या पट्ट्या लागतात. मुरगळलेल्या पायाला गुंडाळतात ते क्रेप बँडेज त्याचं काम करत नाही. ते खूप ताणतं, दाब एकसारखा पडत नाही, आणि एखादा वेढा घट्ट बसला की त्याच्या खालचा हात आणखी सुजतो.

मनगटापाशी संपणारी स्लीव्ह घातल्यावर पंजा सुजायला लागला, तर पंज्याचा वेगळा तुकडा किंवा पंज्यासकटची स्लीव्ह लागते. हे दुकानात लगेच कळत नाही, म्हणून तासभर घालून बघायची सोय आहे का ते आधी विचारा. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या, कोपराच्या घडीत कापड रुतलं तर ते माप चुकलंय. वरची कड खाली दुमडून ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे: दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो. लांब होत असेल तर लहान लांबीची मागा. वरच्या कडेला सिलिकॉनचे ठिपके असलेली स्लीव्ह घसरत नाही, पण घामात काहींना त्यानं पुरळ येतं. दमट हवेत साध्या विणीची कड सोसते.

सकाळी उठल्या उठल्या घालायची, झोपताना काढायची. घालताना दुसऱ्या हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले की पकड येते, नखांनी धागे निघत नाहीत. कड धरून ओढायची नाही, तळव्यानं थोडी थोडी वर सरकवायची. आधी खोबरेल लावलं तर स्लीव्ह चढतही नाही आणि लवचीकपणाही लवकर जातो, तेल-क्रीम रात्री. रोज कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, सावलीत वाळवायची. जुलै-ऑगस्टात इथे एका रात्रीत काही वाळत नाही, म्हणून दोन हव्यातच. ओलसर स्लीव्ह घातली की काखेत बुरशी ठरलेली. रोज वापरली तर साधारण सहा महिन्यांत तिचा दाब उतरतो. दिसायला धडधाकट असली तरी बदलावी लागते, तेव्हा खर्चाचा विचार वर्षाला दोन जोड्या असा करा. सूज नसताना केवळ काळजी म्हणून सगळ्यांनी घालावी असा नियम नाही. आणि हात अचानक सुजला, लाल-गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर स्लीव्ह घालायची नाही. तो संसर्ग असू शकतो किंवा शिरेतली गुठळी, त्याच दिवशी डॉक्टर.

संसर्गाची वाट बहुधा एखाद्या किरकोळ ओरखड्यातून जाते. आपल्याकडे तो उसाच्या पाल्यानं पडतो. रानात जायचंच असेल तर पूर्ण बाहीचा जाड सदरा आणि हातमोजे. तव्याचा चटका, सुरीचा काप, काखेतले केस रेझरनं काढताना लागलेली पात, हे सगळं त्याच यादीत. लागलंच तर लगेच साबण-पाणी आणि मलम. रक्त काढणं, सलाइन, बीपी शक्यतो दुसऱ्या हातावर.

‘त्या हातानं जन्मभर काही उचलायचं नाही’ हा सल्ला मात्र जुना झाला. 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत हाताला सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली, तेव्हा सूज वाढली नाही. हळूहळू हा शब्द मात्र गाळायचा नाही. जखम भरल्यावर अर्धा किलोपासून, म्हणजे अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, आठवड्यानं थोडं वर. एकदम भरलेली घागर नव्हे.

खांद्यासाठी दाराला अडकवायची दोरीची पुली विकतात. चांगली आहे, पण भिंत फुकट आहे. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचा नाही. मुठी आवळणं, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं एवढंच. ड्रेन निघून सर्जननं हो म्हटलं की भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायचं, पोचलेल्या जागी पेन्सिलीची खूण, दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पाच-दहा. ताण लागला पाहिजे, कळ नाही. हे टाळलं तर पुढे अडतं ते रेडिएशनला: त्यासाठी हात डोक्यावर नेऊन स्थिर झोपावं लागतं, आणि हात वर जात नसेल तर उपचारच लांबतात. काखेतून कोपराकडे दोरीसारखी ताणलेली शीर लागली तर घाबरू नये, व्यायाम बंदही करू नये, फिजिओला दाखवावं. पुली घ्यायचीच तर खांदा महिनाभरानंतरही आखडलेला असेल तेव्हा. चालणं रोज हवंच. रंकाळ्यावर पहाटे गर्दी नसताना दहा मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्यावं, केमोनंतरच्या गळाठ्यावर झोपून राहण्यापेक्षा ते जास्त लागू पडतं. पेशी कमी असतील त्या आठवड्यात महाद्वार रोड आणि देवळाची गर्दी मात्र टाळावी.

ब्रा आणि कृत्रिम स्तन ऑपरेशनच्या आधी घेऊ नका. टाके, सूज, मग रेडिएशन, मापं बदलत राहतात. सुरुवातीला पुढून उघडणारी, तार नसलेली, सुती, रुंद पट्ट्यांची ब्रा किंवा पुढे बटणांचा सुती ब्लाउज पुरे. ब्लाउज शिवायला टाकताना त्या बाजूचा मुंढा इंचभर सैल सांगा. आत हलका कापसाचा किंवा विणलेला स्तन चालतो. सिलिकॉनचा सहसा सहा-आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर, आणि रेडिएशन झालं असेल तर कातडी सुधारल्यावर. त्याला वजन असतं, त्यामुळे ब्रा त्या बाजूनं वर सरकत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. खटकणारी गोष्ट म्हणजे घाम. मे महिन्यात तो अंगाला चिकटतो, म्हणून ब्राला आतून मलमलीचा खिसा असावा. तयार मास्टेक्टॉमी ब्रा (स्तन काढल्यानंतर घालायची, खिसा असलेली) महाग वाटली तर नेहमीच्या ब्राला कुठलाही शिंपी खिसा लावून देतो, तोंड काखेच्या बाजूला ठेवायला सांगा. धान्य किंवा मोहरी भरून घरी शिवलेला पावसाळ्यात दमट होतो, कीड लागते. तो नको. सिलिकॉनला सेफ्टी पिन लागली की संपला. रोज धुवून, पुसून, त्याच्याच खोक्यात ठेवावा. घेताना आरशासमोर साडी आणि कुर्ता दोन्हीत बघा, हात वर करा, वाकून बघा. घाई करणाऱ्या, आडोसा नसलेल्या किंवा माप घ्यायला बाई नसलेल्या दुकानात ही खरेदी करू नये.

बिल पक्कं घ्या, आणि त्यावर स्लीव्हचा साइज, क्लास आणि माप चुकल्यास किती दिवसांत बदलून मिळेल हे पेननं लिहून घ्या. अंगाला लागलेली वस्तू परत होत नाही असं बहुतेक दुकानं सांगतात, त्यामुळे अदलाबदलीची बोली पैसे देण्याच्या आधीच झालेली बरी.